माझ्या पिशवीतले हँडरेलचे तुकडे

माझ्या ऑफिसच्या दारामागे खिळ्याला एक जाड कापडी पिशवी टांगलेली असते. उचलली की खणखणते. आत धातूचे अकरा तुकडे आहेत, प्रत्येक वीतभर लांब. गोल पाइप चार मापांचे, चौकोनी तीन, पट्ट्या दोन, अ‍ॅल्युमिनियमचा एक लंबगोल आणि पितळेचा एक. कुणाचा हात कापू नये म्हणून कडा कानशीनं घासून घेतल्यात. जिन्याचा किंवा गच्चीचा विषय निघणार असेल त्या मीटिंगला लॅपटॉप राहिला तरी चालतं, ही पिशवी मी विसरत नाही.

गेल्या महिन्यात परळच्या एका सोसायटीत ती उघडली. जुनी इमारत पाडून तिथं चौदा मजली नवी उभी राहतेय, दोन जिने, वर गच्ची. मीटिंग सेक्रेटरींच्या घरी होती. कमिटीतल्या तरुण मंडळींनी फोनवर एक फोटो आधीच पक्का करून ठेवला होता: काळ्या मॅट रंगाचा, ५० बाय ५०च्या चौकोनी पाइपाचा कठडा, सगळे कोपरे सुरीनं कापल्यासारखे. फोटो सुंदर होता आणि तसं मी मनापासून सांगितलं. मग टीपॉयवरचे चहाचे कप बाजूला सारून तुकडे मांडले आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "लाइट गेलीय, लिफ्ट बंद आहे, चौथ्या मजल्यावरून खाली उतरताय, एका हातात दुधाची पिशवी. दुसऱ्या हातानं हे धरा."

दोन-तीन जणांनी चौकोनी तुकडा घेतला. अंगठा एका बाजूला राहिला, बोटं दुसऱ्या बाजूला, मूठ काही मिटेना. पण त्या दिवशी मला शिकवलं ते सेक्रेटरींच्या आईंनी. त्या आतल्या खोलीतून येऊन सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचं, बोटं संधिवातानं वाकलेली. मी मोठ्या खात्रीनं त्यांच्या हातात ३८ मिमीचा गोल तुकडा दिला. त्यांनी तो धरला, जरा फिरवला आणि परत केला. "हा हातात सैल राहतो गं. माझी बोटं एवढी आवळत नाहीत." मग ५० मिमीचा गोल दिला, तो त्यांना मोठा झाला. शेवटी ४२चा धरला आणि मीटिंग संपेपर्यंत मांडीवर तसाच धरून बसल्या.

इतकी वर्षं मी 'लहान हाताला बारीक पाइप' असंच धरून चालले होते. ज्या हाताची मूठ पुरती मिटत नाही त्याला जरा जाड पाइप भरून लागतो, हे मला त्या आजींनी दाखवलं. ड्रॉइंगवर चार मिलिमीटरचा फरक पेन्सिलीच्या रेघेत बुडून जातो. हातात तो लगेच कळतो.

माझं लहानपण गिरगावात, चाळीत गेलं. आमच्या चाळीचा जिना लाकडी, उभ्या चढणीचा आणि दिवसासुद्धा अंधारा. एका बाजूला कठडा होताच, पण खरा आधार होता तो वरच्या मजल्याच्या तुळईला बांधलेला दोर. हातांचं तेल आणि घाम लागून तो काळा, गुळगुळीत झालेला. माझी आजी उतरताना आडवी व्हायची आणि दोराला हात घालूनच पाऊल खाली टाकायची. चढताना तिला दोर लागत नसे. जिन्यावरचा आधार मुख्यतः उतरणाऱ्यासाठी असतो, हे मी तिथं पाहिलं, शिकले पुष्कळ नंतर. उतरताना शरीराचं वजन पुढं जात असतं आणि तोल गेला तर सावरायला क्षणभरच मिळतो. त्या क्षणात हाताला जे सापडेल ते मुठीत मावलं पाहिजे.

आपण कामात कठडा आणि हँडरेल हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो. दोघांचं काम मात्र वेगळं आहे. कठडा माणसाला पडू देत नाही, अडवतो. हँडरेल माणसाच्या हातात येतो. कठडा उंच हवा, भक्कम हवा, त्याच्या गजांमधून मुलाचं डोकं जाता कामा नये. हँडरेल हाताच्या उंचीला हवा, मुठीच्या मापाचा हवा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात न उचलता सरकला पाहिजे. मुंबईतल्या बहुतेक इमारतींत ही दोन्ही कामं माथ्यावरच्या एकाच पाइपावर टाकलेली असतात आणि मग प्रोफाइल, म्हणजे पाइपाच्या छेदाचा आकार, निवडताना ओढाताण होते.

नॅशनल बिल्डिंग कोड जिन्यावर हँडरेलची १००० मिमी उंची मागतो, पायरीच्या मधोमध मोजून. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग आणि वृद्धांनाही इमारत सहज वापरता यावी यासाठीच्या, मार्गदर्शक सूचना मात्र दोन उंचींवर हँडरेल सांगतात, ९०० आणि ७६० मिमी, आणि छेद गोल, ३८ ते ४५ मिमी व्यासाचा. जिना संपतो तिथं दोन्ही टोकांना तो ३०० मिमी पुढं न्यायचा. शेवटची पायरी संपली हे डोळ्यांआधी हाताला कळावं, म्हणून. परळच्या आजींचा ४२ मिमी या पट्ट्यात बरोबर बसतो.

चौकोनी पाइप सर्रास वाईट, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या एडीए, म्हणजे अपंगांच्या सोयींसाठीच्या, नियमांत गोल नसलेल्या छेदासाठी एक सोपी कसोटी आहे, ती मी इथंही लावून बघते: छेदाचा घेर १०० ते १६० मिमीच्या दरम्यान हवा आणि सर्वांत लांब आडवं माप ५७ मिमीच्या आत. आता ५० बाय ५० घ्या. घेर २००, कर्ण सुमारे ७१. दोन्हीकडे नापास. ४० बाय ४०चा घेर १६०, कर्ण साडेछप्पन, म्हणजे अगदी काठावर. ५० बाय २५चा आयताकृती पाइप मात्र घेर १५०, कर्ण ५६ असा आत बसतो आणि कडा थोड्या गोलसर मिळाल्या तर हाताला बराही लागतो. ५० बाय १०ची भरीव पट्टीही कागदावर पास होते. हातात घेतली तर बोटं खालून वळतात, पण तळव्याला पातळ कड रुतते. म्हणून पट्टी घ्यायची तर तिच्या चारही धारा ग्राइंडरनं मारून गोल करून घ्या, ड्रॉइंगवर तसं लिहा आणि पहिला तुकडा स्वतः हात फिरवून पास करा. 'धार मारणे' हे बिलात वेगळं लिहून घेतलेलं बरं, नाहीतर ते राहून जातं.

मापांचा विषय निघालाय तर माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. मुलुंडला एका शाळेच्या प्राथमिक विभागाचा जिना होता. मी ड्रॉइंगवर 'दीड इंची गोल पाइप' असं लिहिलं, डोळ्यांपुढं ३८ मिमी होता. नंतर खर्चासाठी स्टेनलेसऐवजी एम.एस., म्हणजे साध्या लोखंडाचा, पाइप रंगवून घ्यायचं ठरलं आणि ड्रॉइंगवरचा शब्द मी तसाच ठेवला. साइटवर पाइप आला तो मनगटाएवढा. व्यास-जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर ४८.३. फॅब्रिकेटरची काही चूक नव्हती. स्टेनलेसचा सजावटी पाइप बाजारात बाहेरच्या व्यासावर विकला जातो: दीड इंची म्हणजे ३८.१ मिमी, दोन इंची म्हणजे ५०.८. एम.एस.चा पाइप मात्र नॉमिनल बोअरवर चालतो, म्हणजे साधारण आतल्या व्यासाच्या नावावर: दीड इंची म्हणजे ४० एन.बी., बाहेरून ४८.३, सव्वा इंची म्हणजे ३२ एन.बी., बाहेरून ४२.४, एक इंची म्हणजे २५ एन.बी., बाहेरून ३३.७. पहिलीतल्या मुलाच्या हातात ४८ मिमीचा पाइप द्यायला मन धजेना. वरचा तसाच ठेवला आणि मुलांसाठी खाली दुसरा रेल २५ एन.बी.चा लावून घेतला. ते पैसे माझ्या फीमधून गेले आणि ते योग्यच झालं. तेव्हापासून माझ्या ड्रॉइंगवर इंच नाहीत. बाहेरचा व्यास मिमीत, जाडी मिमीत, दोन्ही आकडे लिहिलेले.

जाडीचंही तसंच. बाजारात गेज बोलतात: १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १८ गेज म्हणजे १.२. बाहेरून दोन्ही पाइप जुळ्यासारखे दिसतात. पण १६च्या जागी १८ आला की चौथाई धातू कमी आला, आणि स्टेनलेस किलोवर विकत मिळतं, म्हणजे तेवढे पैसे आणणाऱ्याचे वाचले. पाइप साइटवर उतरला की पॉलिश होण्याआधी कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावायचा. नंतर टोपणं बसली की कुणाला काही कळत नाही.

आता वळणाबद्दल, कारण प्रोफाइलची खरी परीक्षा तिथं होते. सरळ जिन्यावर कुठलाही छेद शोभून दिसतो. टप्प्यावर जिना उलटा फिरतो तिथं रेल एकाच जागी वळतो आणि चढतोही. गोल पाइप हे दोन्ही सहज घेतो, कारण तो कुठल्याही बाजूनं गोलच असतो. चौकोनी पाइपाची तोंडं अशा ठिकाणी जुळत नाहीत. एकाचा माथा चढणीला कललेला, दुसऱ्याचा उलट्या चढणीला, दोन्ही तिरके कापून टेकवले तरी एक कोपरा वर राहतो, एक खाली. आमचे मिस्त्री संगमेश्वरकडचे, तीस वर्षं हेच काम करतायत. पहिल्यांदा मी असं वळण काढून दिलं तेव्हा कागद बघून ते म्हणाले, "ताई, कागदावर जुळलंय, लोखंडात नाय जुळायचं. मध्ये एक सपाट तुकडा द्या नायतर गोल घ्या." खरं होतं. चौकोनी घ्यायचा तर टप्प्यावर रेल आधी सपाट व्हायला हवा, मग काटकोनात वळायला हवा आणि मग पुन्हा चढायला. त्याला जागा लागते.

ती जागा पायऱ्यांतून काढता येते, पण स्लॅब भरण्याआधी. टप्प्यावर खालच्या जिन्याची शेवटची पायरी आणि वरच्या जिन्याची पहिली पायरी एका रेषेत आली तर दोन रेलच्या उंचीत एका पायरीइतका फरक पडतो. मग तिथं रेलला उभी उडी मारावी लागते. हात अडखळतो, आणि अडखळतो तोही नेमका माणूस वळत असतानाच. वरचा जिना एका पायरीनं मागं घेतला तर दोन्ही रेल सारख्याच उंचीवर येऊन भेटतात आणि वळण सपाट होतं. म्हणून माझा आग्रह असतो की हँडरेलचा छेद जिन्याचं शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, लागण्याआधी ठरावा. आपल्याकडे तो टाइल्स आणि रंगाच्या बरोबरीनं, अगदी शेवटी, कॅटलॉग बघून ठरतो. तोवर जिना भरून झालेला असतो आणि मिस्त्री उरलेल्या जागेत कसंबसं जुळवत बसतो.

टोकांकडंही बघा. उघडं टोक असेल तर पदर अडकतो, ओढणी अडकते, शाळेच्या दप्तराचा पट्टा अडकतो. टोक भिंतीकडे किंवा खाली वळवून घ्यावं. ब्रॅकेट पाइपाच्या खालून यावा. बाजूनं आला तर दर मीटरभरानं बोटं त्याच्यावर आपटतात. भिंत आणि पाइप यांत ५० मिमी मोकळे ठेवा. भिंतीला खरबरीत टेक्स्चर असेल तर थोडे जास्तच, बोटांची सालं निघतात.

समुद्रानं मला जे शिकवलं ते वर्सोव्यात. पश्चिमेची गच्ची, समोर मोकळा समुद्र. मी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घेतलं, हेअरलाइन फिनिशमध्ये, कारण त्याच्यावर बोटांचे ठसे दिसत नाहीत. एक पावसाळा गेला आणि ऑक्टोबरमध्ये फोन आला: "मॅडम, स्टेनलेसला गंज!" जाऊन बघितलं तर पाइपाचा माथा स्वच्छ होता. चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग होते ते खालच्या बाजूला आणि छज्ज्याखालच्या भागात. पाऊस जिथं मीठ धुऊन नेतो तिथं डाग नव्हते, जिथं पावसाचं पाणी पोचत नाही तिथं खारी हवा मीठ टाकत राहिली होती. हेअरलाइनच्या बारीक चरांत ते मीठ धरून राहतं. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकं कमी धरतं. डाग साफ करून घेतले, घरच्यांना महिन्यातून दोनदा गोड्या पाण्यानं पुसायला सांगितलं, खालची बाजू विसरू नका असंही. आता समुद्रासमोर मी ३१६ घेते, त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठातल्या क्लोराइडपुढं जास्त टिकतं. फिनिश हेअरलाइन नाही, बारीक पॉलिश. आणि तरीही धुवायला सांगते.

ग्रेडच्या बाबतीत एक गैरसमज अजून घट्ट आहे: चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असतं, भाव कमी, आणि खाऱ्या हवेत ते लवकर डागाळतं. किका स्ट्रीटला, गुलालवाडीत, पाइप बघायला गेलात तर दुकानदारच पाइपावर रसायनाचा थेंब टाकून ग्रेडची टेस्ट करून दाखवतात. मोठी ऑर्डर असेल तर टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि मालावरचा हीट नंबर, म्हणजे तो कुठल्या वितळणीतला ते सांगणारा आकडा, त्याच्याशी जुळवून बघा. आणि एम.एस.च्या ग्राइंडिंगच्या ठिणग्या स्टेनलेसवर उडू देऊ नका. ते लोखंडाचे कण आधी गंजतात आणि दोष स्टेनलेसवर येतो. दोन्हींच्या ग्राइंडिंग चकत्या वेगळ्या ठेवायला सांगितलं की चांगला मिस्त्री मान डोलावतो.

एम.एस. मला मनापासून आवडतं, पण मुंबईत त्याला जस्ताचं कवच लागतं. गॅल्वनायझिंगला पाइप द्यायचा तर त्याला दोन्ही टोकांकडं भोकं हवीत. साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बंद पाइप बुडाला तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. शिवाय नंतर साइटवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं. म्हणजे कठडा नटबोल्टनं जोडता येईल असाच काढायला हवा, आणि हेही आधीच ठरवायचं काम. नुसता पावडर कोटिंगवर भरवसा ठेवायचा असेल तर धारदार कोपऱ्याचा छेद घेऊ नका. धारेवर कोटिंग पातळ बसतं, अंगठ्या-बांगड्या तिथंच घासतात आणि गंज कोपऱ्यावरूनच धरतो. फोटोतल्या त्या सुरीसारख्या कोपऱ्यांची मला धास्ती वाटते ती यामुळेही. वरचा माथा सपाट असला की पाणी साचतं, कबुतरांची घाण साचते आणि हमखास कुणीतरी त्यावर तुळशीची कुंडी ठेवतं. चौदाव्या मजल्यावरून कुंडी खाली येण्याची कल्पना करून बघा.

ताकदीचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यायचाच असतो. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आय.एस. ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात कठड्यावर आडवा जोर किती धरायचा ते दिलंय: घरातल्या खासगी जिन्यासाठी मीटरला ०.३५ किलोन्यूटन, इतर जिने, बाल्कन्या आणि गच्चीच्या कठड्यांसाठी ०.७५, आणि गर्दीच्या ठिकाणांसाठी, म्हणजे शाळा, नाट्यगृह, क्रीडांगण, २.२५. सोप्या भाषेत, मीटरभर कठड्यावर अनुक्रमे ३५, ७५ आणि २२५ किलोंचा रेटा. संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर कठड्याशी दाबला गेलेला कुणीही हा शेवटचा आकडा अंगानं ओळखतो. ३८ आणि ५१ मिमीचा पाइप एकाच १.६ जाडीत घेतला तर बारीक पाइप तेवढ्याच जोराला जवळजवळ अडीच पट वाकतो. म्हणून बारीक पाइप घेतला की खांब जवळ घ्यावे लागतात. पट्टीचं गणित निराळं. ५० बाय १०ची पट्टी आडवी बसवली तर बाजूच्या रेट्याला पाइपाहून ताठ, पण वरून कुणी बसलं तर लगेच लवते. वजनही मीटरला जवळपास चार किलो, ५१च्या पाइपाच्या दुप्पट.

जुन्या लोकांनी हा तिढा कसा सोडवला होता ते शिवाजी पार्कच्या एका इमारतीच्या दुरुस्तीत बघायला मिळालं. १९३०च्या दशकातली, आर्ट डेको वळणाची. बाल्कनीला जहाजाच्या डेकसारखे तीन आडवे पाइप, मरीन ड्राइव्हवर दिसतात तसे. ते रूप मला फार प्रिय आहे, पण मूल त्याच्यावर शिडीसारखं चढतं, म्हणून आतून गज घालावे लागले. जिन्याचा कठडा मात्र जसाच्या तसा ठेवला. लोखंडी गजांच्या माथ्यावर एक पातळ पट्टी, आणि तिच्यावर खालून स्क्रू मारून बसवलेला सागवानाचा हँडरेल. वरून घुमटाकार, दोन्ही बाजूंना बोटांसाठी हलकी खोबण. लोखंडानं ताकद सांभाळायची आणि लाकडानं मूठ. मे महिन्यात दुपारी तो तापत नव्हता, पावसाळ्यात गारठत नव्हता. एवढ्या वर्षांच्या हातांनी त्याला जी चकाकी आलीय, ती पॉलिशवाल्यानं घालवू नये म्हणून मी दोन दिवस तिथंच उभी होते. फक्त सैल स्क्रू बदलले.

परळला तीच वाट घेतली, लाकडाशिवाय. काळा चौकोनी कठडा कमिटीला मिळाला: ४० बाय ४०, कोपरे थोडे गोलसर, १००० मिमी उंचीला, जिन्याच्या कडेला बाहेरून फ्लँजनं, म्हणजे बोल्टच्या पाटीनं, पकडलेला, म्हणजे पायरीची रुंदी तो फारशी खात नाही. आत खालून ब्रॅकेट देऊन ४२.४ मिमीचा स्टेनलेस गोल पाइप, ९०० आणि ७६०ला, टप्प्यावर न तुटता फिरणारा. गोल पाइपासाठी वरचा जिना एका पायरीनं मागं सरकवलाय. आर.सी.सी. कन्सल्टंटांनी आधी कुरकुर केली, मग ड्रॉइंग बदललं. खर्च वाढला, तो मी लपवला नाही. गच्चीचा काचेचा कठडा आम्ही वगळला आणि तिथं साधे उभे गज घेतले, त्यातून बराच भरून निघाला.

गेल्या शनिवारी दुसऱ्या मजल्यापर्यंतचा नमुना उभा राहिला. सेक्रेटरींच्या आई सध्या भाड्याच्या घरात तळमजल्यावर राहतात, तिथून त्यांना रिक्षानं आणलं. मिस्त्रींनी पाइपावरचा प्लास्टिकचा कागद काढून दिला. आजी मुलाचा हात सोडून एकट्या उतरल्या, सावकाश. टप्प्यावर त्यांचा हात वळणावरून तसाच सरकत गेला. तळाशी आल्यावर त्यांनी खालच्या रेलला हात लावून विचारलं, हा कुणासाठी. पणतीसाठी, म्हटलं. त्यांनी वाकून तोही मुठीत धरून बघितला आणि म्हणाल्या, "हा तिला जाड होईल."

सोमवारी मी खालच्या रेलसाठी ३३.७चा एक तुकडा मागवलाय. मार्गदर्शक सूचनांच्या पट्ट्यात तो बसत नाही, म्हणून खालीही सगळीकडं लावता येईल की नाही ते ठरायचंय. शनिवारी पणतीला साइटवर घेऊन या, असं सेक्रेटरींना सांगितलंय.